चित्रावरची फालतू ओळ

दिवाळी अंकात लिहा म्हणून मागं लागलेला माणूस आमच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. मी म्हणलो, बाबा, मी चौथी शिकलेला, मला कशाला लिहायला लावतोस. तर म्हणला, "मामा, अर्ध्या लातूरच्या नोट्स तुमच्या हाताखालून गेल्या. बोलता तसं लिहा." तर बोलतो तसं लिहितोय. ज्याला गोड वाचायचं त्यानं पान उलटावं.

माझा धंदा झेरॉक्सचा. पुढं त्यात प्रिंट आलं, स्पायरल बाइंडिंग आलं, लॅमिनेशन आलं, पण पाटीवर शेवटपर्यंत झेरॉक्सच राहिलं. ह्या धंद्यात माणूस दिवसभर कागद बघतो, वाचत नाही. कागद तिरका गेला का, काळा पडला का, कडेची अक्षरं कापली का, एवढं बघायचं. वाचायला लागला की काम तुंबलं. मला तर इंग्रजी येतच नाही, त्यामुळं माझं काम कधी तुंबलं नाही.

लातुरात क्लासेसचा पूर आला तेव्हा आमच्या गल्लीत चार-चार मजले चढले. खाली दुकान, वर क्लास, त्याच्यावर पोरींचं होस्टेल. आमची तेवढी टपरी पत्र्याची राहिली. लोक म्हणायचे, मामा, गाळा घ्या, पावसाळ्यात कागद भिजतो तुमचा. मी कलावतीकडं बघायचो. कलावती माझी बायको, बाइंडिंगच्या मशीनवर ती बसायची. ती म्हणायची, "कागद भिजला तर वाळतो." विषय संपला.

ती स्लॅबखाली बसायची नाही. बँकेत गेलो तर बाहेर पायरीवर. लग्नकार्याला मंडपात जेवायची, कार्यालयाच्या हॉलमध्ये नाही. घरी खोली होती, पण तिची खाट पुढच्या पत्र्याखाली. बारा महिने. कारण सांगतो एकदाच. त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं औशाकडचं घर बसलं. दगडमातीच्या भिंती, वर मातीचं माळवद. आमची लेक त्यात गेली. ती भिंतीकडच्या अंगाला होती. मुलगा कलावतीच्या पोटाखाली होता, तो राहिला. तिनं दोन कोपरं दोन बाजूला रोवून त्याच्यावर कमान केली होती. लोकांनी दगड काढले तेव्हा तिची कोपरं उघडत नव्हती, ती मी सोडवली.

एक गोष्ट मात्र सांगायलाच पाहिजे. त्याच्या आधी किती तरी महिने जमीन आवाज करून राहिली होती. भांडी वाजायची, जात्यासारखी घरघर यायची. आम्ही बाहेर झोपायला लागलो. मग शहाणी माणसं आली, म्हणली, काही होत नाही, अफवा पसरवू नका, घरात झोपा. आम्ही घरात झोपलो. तेव्हापासून आमच्या भागातल्या माणसाला काही होत नाही म्हणलं की जास्त भ्या वाटतं. हे ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

आता कागदावरच्या कचऱ्याचं सांगतो.

जुन्या काळी कागदावर नको असलेलं झाकायचं तर आम्ही कोऱ्या कागदाची पट्टी कापून वर ठेवायचो आणि झेरॉक्स मारायचो. एका क्लासच्या नोट्स दुसऱ्या क्लासात जायच्या त्या अशाच, वरच्या नावावर पट्टी ठेवून. एका सरांनी तर स्वतःच्याच नावावर पट्टी लावून घेतली होती. म्हणले, "मामा, ह्यात चुका लई निघाल्या, माझं नाव नको." पट्ट्यांचा एक डबाच होता माझ्याकडं.

पुढं कॉम्प्युटरचे कोर्स निघाले. त्या पोरांची वही पडद्यावर असते, तिला नोटबुकच म्हणतात. पानावर चौकटी असतात. चौकटीत हुकूम लिहायचा, शिफ्ट धरून एंटर मारायचं, खाली उत्तर हजर. चित्र काढ म्हणलं तर आलेखाचं चित्र हजर. पण त्या यंत्राला एक खोड आहे. चौकटीतल्या शेवटच्या ओळीतून जे काही हाती लागलं ते बोलून दाखवल्याशिवाय त्याला राहवत नाही. चित्र तर देतंच, वरून लिहितं की मी अमुक वस्तू बनवली, अमुक जागी ठेवली, तिच्यात हे आकडे भरले. सुताराला खाट सांगावी आणि त्यानं खाटेवर भुसा, खिळे, मापाची काडी ठेवून आणून द्यावी, तसं. खाट चांगली असते, पण बसणाराला टोचतं.

एक इंजिनिअरिंगचं पोरगं आलं होतं, प्रोजेक्ट जमा करायची घाई. प्रिंट सोडली तर चित्र एक आणि आकडे पानामागून पान, पानामागून पान. मी ओरडलो, "आरं काय शिव्या देऊन राहिलं का हे मशीन?" कलावतीनं सरळ वायरच उपसली. पोरगं म्हणलं, "राहू द्या मामा, बाइंड करा सगळं. सर वजन बघून मार्क देतात." केलं बाइंड. पास झालं ते.

ही खोड मोडायची कशी ते मला शीतलनं सांगितलं. शीतल म्हंजी शिरूर अनंतपाळच्या बाजूच्या एका खेड्यातली पोरगी. गल्लीतल्याच होस्टेलात राहायची, कॉलेजात कॉम्प्युटर शिकायची. घरी भाऊ दत्ता, वहिनी, आई. कलावतीचं तिच्यावर भारी ध्यान. डबा बिघडला असला की शीतल आमच्यात भाकरी खायची. ती सांगायची, "काका, शेवटच्या ओळीच्या टोकाला अर्धविराम टाकायचा. वर टिंब, खाली स्वल्पविराम. बास. चित्र येतं, बडबड येत न्हाई." दुसरा उपाय म्हणजे त्या उत्तराला कसलं तरी नाव देऊन बाजूला टाकायचं. पोरं नुसती आडवी रेघ हेच नाव देतात, म्हंजी तो कचऱ्याचा डबा. नाही तर खाली आणखी एक ओळ लिहायची, आता दाखव म्हणून. ती ओळ मुकी असते, आणि शेवटची तीच झाली की वरचं गप्प.

मी म्हणलो, "एवढ्याशा टिंबानं गप्प होतं? मग आमच्या गल्लीतल्या दोन सरांना लावून बघ की."

त्या हिवाळ्यात शीतलच्या गावाकडं जमिनीतून आवाज यायला लागले. मोठं काही नाही, घरघर. पण लोकांनी अंथरुणं बाहेर काढली. कॉलेजच्या एका सरांनी हलण्याची नोंद घेणारी छोटी पेटी करून दिली होती, ती शीतलनं गावच्या शाळेत बसवली. पेटीतले आकडे घ्यायचे, नोटबुकात टाकायचे आणि दिवसाच्या कुठल्या वेळेला किती आवाज झाले त्याचे खांब काढायचे, असं तिचं प्रोजेक्ट होतं. दर आठवड्याला त्या चित्राची एक मोठी प्रिंट ती गावच्या एसटीत पाठवायची आणि दत्ता ती पंचायतीच्या फळ्यावर लावायचा. तिचा हेतू चांगला. लोकांना दिसावं की कोणी तरी मोजून राहिलंय.

त्या दिवशी ती आली ती धापा टाकतच. एसटी सुटायच्या घाईत. खांब फार जाड झालेत म्हणून तिनं दुकानातच ओळ नव्यानं लिहिली, बारा खांब केले, आणि प्रिंट सोडली. मी मोठा कागद लावला. कलावती गुंडाळी करायला बसली होती, तिनं कागद उलगडून धरला.

"शीतल, हे वर काय लिहिलंय गं?"

"कुठं? ते होय. फालतू हाय काकू. अर्धविराम ऱ्हायला."

"मग काढ की."

"गाडी सुटंल ना काकू. चित्र नीट आलंय की."

मला पट्टीचा डबा आठवला, पण एवढा मोठा कागद झेरॉक्सच्या काचेवर मावत नव्हता. गुंडाळी केली, रबर लावलं, पोरगी पळाली.

त्या कागदावर काय होतं ते नंतर शीतलनं सांगितलं तेव्हा मला हसावं का रडावं कळेना. वर आकड्यांची एक रांग. तिच्याखाली दुसरी रांग. आणि टोकाला कोनदार कंसात इंग्रजीत लिहिलेलं, की हे बारा कलाकारांचं भांडं आहे. ते यंत्र खांबालाच कलाकार म्हणतं. बारा खांब, म्हणून बारा कलाकार. बाकी आकडे म्हणजे कुठला खांब किती उंच आणि कुठून कुठवर. सगळं चित्रात होतंच.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला गेलो तर शीतल दारात बसलेली. डोळे सुजलेले. म्हणली, "काका, गावात लोक म्हणून राहिले, बारा तारखेला भूकंप हाय."

तारीख होती दहा.

झालं होतं असं. फळ्यावर कागद लागला तसा शिवलिंगआप्पा दुकानदारानं तो वाचला. गावात आकडे आणि इंग्रजी त्यालाच येतं, औषधाच्या बाटल्याही लोक त्याच्याकडूनच वाचून घेतात. त्यानं बघितलं, आजवर नुसतं चित्र यायचं, आज वर लिहून आलंय. मशीन इतके दिवस मुकं होतं, आज बोललं. आणि शेवटी ठळक एकच आकडा, बारा. वरच्या रांगेत शून्य शून्य. म्हणला, बारा तारखेनंतर सगळं शून्य. गावानं चूल, धान्य, म्हातारी माणसं, सगळं रानात काढलं.

"काढू दे," मी म्हणलो. "दोन दिवस रानात झोपतील. बारा गेली की येतील परत."

"वहिनीचं लेकरू, काका." तिनं ओढणीनं डोळे पुसले. "महिन्याचं पण न्हाई. ताडपत्रीखाली ठेवलंय, ह्या थंडीत. छातीतून आवाज यून राहिला. बरगड्या ओढून राहिलं. दत्तादादा म्हणतो दवाखान्यात न्यायचं न्हाई. दवाखाना तीन मजली हाय."

कलावती बाइंडिंगच्या मशीनवरून उठली. तिनं मशीनवर फडकं टाकलं. म्हणली, "चला."

शीतलनं जाताना नवी प्रिंट काढून घेतली. अर्धविराम लावलेली. नुसतं स्वच्छ चित्र. तिला वाटलं, हे लावलं की मिटलं. मलाही तसंच वाटलं. आम्ही चुकलो.

पारावर माणसं जमली होती. शिवलिंगआप्पानं जुना कागद एका हातात धरला, नवा दुसऱ्या हातात. चष्मा वर केला, खाली केला. मग सगळ्यांकडं बघून म्हणला, "चित्र तेच हाय. लिहिलेलं गेलं. काल होतं, आज कुठं गेलं?"

बायकांनी लेकरं जवळ ओढली.  असली तोंडं मी त्र्याण्णवला बघितली होती.

"आप्पा, ते फालतू होतं," शीतल म्हणली. "मशीनची बडबड. मी बंद केली."

"तू बंद केली का तुला करायला लावली?"

"काय होत न्हाई हो—"

हे शब्द तिनं काढायलाच नको होते. दत्ता पुढं आला. उंच, वाळलेला, डोळे लाल. "त्या टायमालाबी असंच म्हणले व्हते. आबा सांगायचे आमचे. काय होत न्हाई, झोपा. हे बसलेत भूकंपातले मामा, इचारा ह्यांना. म्हणले व्हते का न्हाई, मामा?"

मी काय सांगू? म्हणले होते. मी म्हणलो, "म्हणले व्हते."

शीतलनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी तिचा गळा दाबला. पण खोटं कसं बोलू? त्या गावात त्या दिवशी मी एक जरी खोटं बोललो असतो तर सगळं संपलं असतं.

मग त्या पोरीनं डोकं चालवलं. पारावरच लॅपटॉप उघडला. म्हणली, "बरं. भूकंप सोडा. प्रत्येकानं सांगा, घरी शेळ्या किती?"

लोक एकमेकांकडं बघायला लागले. एका म्हातारीनं पहिला आकडा सांगितला, मग दुसऱ्यानं, मग लोक एकमेकांच्या शेळ्या मोजायला लागले. "तुझ्या चारच कशा गं, शेळी व्याली ना परवा?" शीतलनं आकडे भरले, एंटर मारलं. शेळ्यांचे खांब उभे राहिले. आणि वर तीच आकड्यांची रांग, तेच कोनदार कंस, तेच भांडं. फक्त शेवटी आकडा दहा.

शिवलिंगआप्पा वाकून वाचायला लागला. "दहा."

"दहा खांब हायत, म्हणून दहा. काल मी बारा केले व्हते, म्हणून बारा. आता बघा." तिनं टोकाला अर्धविराम टाकला. चित्र आलं, वर काहीच नाही. अर्धविराम काढला, बडबड परत. टाकला, गेली. असं तिनं करून दाखवलं, लोक म्हणतील तितक्यांदा.

म्हातारी म्हणली, "म्हंजी आमच्या शेळ्यांचा भूकंप आज हाय व्हय रं आप्पा? आजच दहा हाय."

पहिला हसला तो आप्पाच. मग सगळे हसले. आप्पा म्हणला, "चुकलं बाबा. मशीनचा कचरा म्या पंचांगासारखा वाचला." बायका लगेच रानातली भांडी आणायच्या गोष्टी बोलायला लागल्या. मला वाटलं, सुटलो.

दत्ता हसला नव्हता.

"हसा तुम्ही," तो म्हणला. "कागदात न्हाई लिहिलेलं, मान्य. पण कागदात न्हाई म्हंजी जमिनीत न्हाई, असं हाय का? शीतल, तुझं मशीन लिहून देतं का, परवा हलणार न्हाई म्हणून?"

 मशीन झालेलं मोजतं, होणारं नाही. ती तेवढी प्रामाणिक होती. तिनं मान हलवली, नाही देत.

"मग माझं लेकरू मी स्लॅबखाली नेणार न्हाई. थंडीनं मेलं तर मरंल. दबून मरणार न्हाई."

इतका वेळ कलावती ताडपत्रीखाली शीतलच्या वहिनीजवळ बसली होती. लेकराला मांडीवर घेऊन ती त्याच्या पाठीला हात चोळत होती. ती तशीच लेकरू घेऊन उठून आली. मला लांबूनच त्याचा श्वास ऐकू आला. कुत्र्याचं पिल्लू झोपेत कण्हतं तसा.

"दबून मेलेलं म्या बघितलंय, दत्ता," ती म्हणली. "माझंच व्हतं. हे थंडीनं मरून राहिलंय, हे तू बघ. ये, जवळ ये. बघ."

तो जवळ आला नाही. लांबूनच म्हणला, "काकू, तुम्हीच स्लॅबखाली जात न्हाई. शीतल सांगती आम्हाला. तुम्ही बसणार का तिथं? बारा तारखेलाबी? बसा तुम्ही. मग नेतो."

आता हे वाचणाऱ्याला साधं वाटेल. मला तेव्हा असं झालं की दत्ताच्या तोंडावर हात ठेवावा. ह्या बाईची भूकंपानंतरची सव्वीस वर्षं मी बघितली होती. लॉजच्या खोलीत एकदा नाइलाजानं थांबलो तर ती सबंध वेळ दारात उभी राहिली होती, एक पाय आत, एक बाहेर. आपल्या लेकाच्या शाळेच्या कार्यक्रमाला ती मैदानातून आवाज ऐकून घ्यायची.

कलावतीनं लेकराच्या डोक्यावरची टोपी नीट केली.

"बसते," ती म्हणली.

दवाखान्यात लेकरांचा वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर. जिना चढताना तिनं माझा दंड असा धरला की नखं रुतली. लेकराला नाकात नळी लावली, काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टरीणबाई म्हणल्या, "आणखी एक दिवस बाहेर ठेवलं असतं तर." आणि नळी नीट करायला वळल्या. वहिनी पाजायला वर यायची, पाजून झालं की लगेच खाली जायची. दत्ता फाटकापाशी लिंबाखाली बसलेला. वर यायचा नाही. कलावती पेटीशेजारच्या स्टुलावर. तिचं ध्यान छताकडं. एक भेग होती रंगाची, तिथून तिची नजर हलायची नाही. मी म्हणलो, "मी बसतो, तू खाली जाऊन ये." ती म्हणली, "त्यानं मला बसायला सांगितलंय. तुम्हाला न्हाई."

ती जेवली नाही. चहा घेतला तर कप बशीवर वाजायचा, म्हणून तिनं बशी नको म्हणलं.

बारा तारीख उजाडली. वॉर्डात आणखी चार गावची माणसं होती, त्यांच्यापर्यंतही ती अफवा गेली होती. सगळ्यांच्या चपला दाराकडं तोंड करून. माझीही. दुपार कलली. मला वाटलं, गेला दिवस.

आणि लाइट गेली. त्याच्यापाठोपाठ खालून घरघर आली. खिडकीची काच वाजली. फरशीतून पायाला कळलं. कुणी तरी किंचाळलं, "आलं!" वॉर्ड जिन्याकडं धावला. माझे पाय फरशीला चिकटले, खोटं सांगत नाही. मी फक्त बघत होतो. कलावती स्टुलावरून उठली आणि पेटीवर पडली. दोन कोपरं दोन बाजूला. पाठीची कमान. डोळे मिटलेले. दातावर दात वाजलेले मला ऐकू येत होते.

जनरेटर होता. लाइट परत आली.

सिस्टरबाई म्हणल्या, "आजी, उठा, काच फुटेल. जनरेटर आहे तो." कलावती उठेना. मी जाऊन तिची कोपरं हळूहळू सोडवली. मला दुसऱ्यांदा करावं लागलं ते काम आयुष्यात.

मागं वळून बघतो तर दारात दत्ता. धापा टाकत. सगळे जिन्यानं खाली पळाले आणि हा एकटा त्या गर्दीतून वर आला होता. त्यानं पेटीत बघितलं. लेकरू झोपलेलं. मग तो कलावतीच्या स्टुलाशेजारी खालीच बसला, फरशीवर, आणि तिथून उठला नाही लेकराला सोडेपर्यंत.

लेकरू जगलं. आता शाळेत जातं. शीतलचं प्रोजेक्ट पास झालं. ती आता नांदेडला कॉलेजात शिकवते आणि पोरांना पहिल्या दिवशी अर्धविराम शिकवते म्हणे. त्या गावात घरघर अजून अधूनमधून येते. मोठं काही झालं नाही. होणार नाही असं मी लिहिणार नाही.

लोकांना वाटेल, कलावतीचं भ्या गेलं असेल. कसलं जातंय. दवाखान्यातून आलो त्याच संध्याकाळी तिनं खाट पत्र्याखाली ओढली. मी म्हणलो, "आता कशाला?" म्हणली, "तिथं लेकरू व्हतं. इथं कोण हाय?"

गेल्या वर्षी तिच्या छातीत दुखायला लागलं तसं लेक तिला नांदेडला घेऊन गेला. मोठा दवाखाना, वरचा मजला, चारी बाजूला भिंती, खिडकी उघडत नाही. तिच्या उशाशी एक पडदा. त्याच्यावर हिरवी रेघ वरखाली चालायची आणि रेघेच्या वर काही अक्षरं, काही आकडे, मधूनच लाल व्हायचे आणि आवाज करायचे. ती छताकडं बघत नव्हती. त्या पडद्याकडं बघत होती.

"आवो," ती म्हणली, "चित्राच्या वर काय लिहून राहिलंय हो ते? खरं हाय का फालतू?"

मी पडद्याकडं बघितलं. मला इंग्रजी येत नाही. आयुष्यभर कागद बघितले, एकही वाचला नाही. लेक औषध आणायला खाली गेलेला. विचारावं असं कोणी नव्हतं.

काही होत नाही, असं मी तिला कधीच म्हणलो नव्हतो. भूकंपानंतर कधीच नाही. तेव्हाही म्हणलो नाही.

"मला न्हाई कळत, कले," मी म्हणलो. "पण मी हितंच बसतो."

तिनं माझं कोपर धरलं. मी स्टूल जवळ ओढलं आणि तिच्यावर थोडा वाकून बसलो.